मदतनीस श्वान आणि आपले प्रवेशद्वार

(संस्थेच्या वर्धापनदिनी देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्या मेळाव्यात विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपणांसमोर उभे राहताना नवी यंत्रसामग्री, वाढलेल्या खाटा आणि गरजू रुग्णांना दिलेली सवलत यांचा हिशेब मांडण्याची आपली प्रथा आहे. तो हिशेब या अहवालाच्या पुढील पानांवर छापलेला आहे आणि आपण तो सवडीने वाचालच. आज मात्र आम्ही आपला थोडा वेळ एका वेगळ्या विषयासाठी मागत आहोत. विषय आहे कुत्र्याचा. श्वानदंशाच्या लसीचा नव्हे, तर आपल्या धन्याबरोबर दवाखान्यात, बाजारात, बसमध्ये येऊन त्याचे काम करणाऱ्या लहानशा कुत्र्याचा. रुग्णालयाच्या व्यासपीठावर हा विषय काहींना विचित्र वाटेल. आम्हांलाही वर्षभरापूर्वी तसाच वाटला असता. परंतु आपल्याच दारात एक चूक घडली आणि तिने आम्हांस विचार करावयास लावले.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या दिवसांत एका सकाळी टेंभी नाक्याच्याच परिसरात राहणाऱ्या एक वयस्क भगिनी रक्तदाबाच्या तपासणीसाठी आल्या. एका हातात छत्री व फाइल, दुसऱ्या हातात पांढरा, लहान चणीचा पॉमेरेनियन जातीचा कुत्रा. सुरक्षारक्षकाने त्यांस थांबविले. "आजी, कुत्रा आत चालणार नाही," असे त्याने दोनदा सांगितले. त्यांना ते ऐकू आले नाही, कारण त्या दोन्ही कानांनी जवळजवळ बहिऱ्या आहेत. रक्षकाच्या हातवाऱ्यांवरून काय ते त्या समजल्या आणि कुत्र्याला घेऊन फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिल्या. आत ओपीडीत त्यांचे नाव तीनदा पुकारले गेले, केसपेपर खाली ठेवला गेला आणि दुपारी ओपीडी बंद झाली. त्या मुकाट्याने घरी गेल्या. गोळ्या संपल्या होत्या. पुन्हा त्या आल्या तेव्हा तीन आठवडे लोटले होते आणि रक्तदाब असा वाढलेला होता की डॉक्टरांनी त्यांना घरी न पाठवता दोन दिवस ठेवून घेतले.

त्यानंतर त्यांच्या डोंबिवलीस राहणाऱ्या कन्येचे पत्र आमच्याकडे आले. पत्रात राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. तिने लिहिले होते की, वडील गेल्यापासून आई एकटी राहते. कुकरची शिट्टी झाली, दाराची घंटा वाजली, मोबाईल थरथरला की हा कुत्रा आईच्या गुडघ्यावर पंजा मारतो आणि आवाजाच्या दिशेला निघतो. कोणी शिकविले नाही, हळूहळू शिकला. रस्त्याने जाताना मागून रिक्षा आली की त्याचे कान आणि मान वळते, ते पाहून आई बाजूला होते. तुमच्याकडे आईचे नाव पुकारले असते तर त्याने तिला कदाचित उठविलेही असते. निदान तो जवळ असता तर ती घाबरली नसती.

या पत्राला उत्तर काय द्यावयाचे, यावर विश्वस्त मंडळात बराच वाद झाला, आणि तो वाद आपणांपासून लपविण्याचे कारण नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, ज्या दारातून कुत्रा चावलेली माणसे लस घ्यावयास येतात त्याच दारातून कुत्रा आत घ्यावयाचा, हे कोणत्या तोंडाने सांगणार? प्रमुख परिचारिका भगिनींनी ॲलर्जीचा, लहान मुलांच्या भीतीचा आणि जखमा उघड्या असलेल्या रुग्णांचा प्रश्न मांडला. काही रुग्णांच्या धर्मसंकेतांनुसार कुत्र्याचा स्पर्श वर्ज्य असतो, त्यांच्याही भावनेचा मान ठेवला पाहिजे, असेही कोणी सांगितले. हे सर्व आक्षेप योग्यच होते. म्हणून आम्ही ठरविले की, आधी हा विषय नीट समजून घ्यावा. जे समजले ते आज आपणांसमोर ठेवीत आहोत.

आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे अमेरिकेत, त्यातही न्यू जर्सीत आहेत. तिकडे जाऊन आलेल्यांनी दुकानात किंवा बसमध्ये अंध माणसाला घेऊन जाणारा मोठा कुत्रा पाहिला असेल. या विद्येचे आधुनिक मूळ पहिल्या महायुद्धातले आहे. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबर्ग येथे १९१६ साली डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी मार्गदर्शक श्वानांची शाळा काढली. पुढे १९२८ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा एक अंध अमेरिकन तरुण स्वित्झर्लंडमध्ये डोरोथी युस्टिस या बाईंकडे गेला आणि 'बडी' नावाची कुत्री घेऊन परतला. न्यूयॉर्कमधील एक गजबजलेला रस्ता त्याने पत्रकारांच्या देखत तिच्या भरवशावर ओलांडला. १९२९ साली 'द सीइंग आय' ही संस्था निघाली. न्यू जर्सीतील मॉरिसटाउन येथे तिचे काम आजही चालते.

आम्हांला या कथेतील एक गोष्ट विशेष वाटली. रस्ता ओलांडणे बडीला जमले, पण दारे ओलांडणे जमेना. उपाहारगृहे, हॉटेले, आगगाड्या, सगळीकडे कुत्र्याला मज्जाव. फ्रँकने पुढची कित्येक वर्षे गावोगाव फिरून एकेक दार उघडून घेतले. अमेरिकेतील सर्व रेल्वे कंपन्यांनी मार्गदर्शक श्वानाला धन्यासोबत डब्यात बसू देण्याचे मान्य करावयास १९३५ साल उजाडले. म्हणजे कुत्रा शिकविण्यापेक्षा दारावरच्या माणसाला शिकविणे हे अधिक वेळखाऊ काम होते. आपल्या फाटकावरील प्रसंग घडला तेव्हा त्या घटनेस नव्वद वर्षे होत आली होती, एवढाच काय तो फरक.

आता लहान कुत्र्यांकडे वळू. अंध व्यक्तीला वाट दाखविणे, चाकाची खुर्ची ओढणे, तोल जाणाऱ्या माणसाला अंगाचा आधार देणे ही कामे लॅब्राडोरसारख्या मोठ्या, भक्कम कुत्र्याचीच. पाच-सहा किलो वजनाच्या प्राण्याकडून ती अपेक्षा कोणी करू नये. परंतु ज्या कामांत अंगबळ लागत नाही, लक्ष आणि स्पर्श लागतो, तेथे लहान कुत्रा उणा पडत नाही. कित्येकदा तो सरस ठरतो. बहिऱ्या व्यक्तींसाठीचे श्रवण-श्वान हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. इंग्लंडमध्ये १९८२ साली पशुवैद्य ब्रूस फोगल आणि लेडी बिएट्रिस राइट यांनी यासाठी एक धर्मादाय संस्था स्थापन केली. अमेरिकेत त्याच्या थोडे आधीपासून हे काम सुरू झाले होते. तेथील अनेक संस्थांनी असे कुत्रे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यांतून निवडले. उंची जात लागत नव्हती. आवाज झाला की कान टवकारणारा, माणसांत रमणारा आणि न भिणारा जीव लागत होता. आपल्या गल्लीत असे जीव थोडे नाहीत, हे आपण सारेच जाणतो.

या कुत्र्याचे काम कसे चालते हे सांगितले पाहिजे, कारण पाहणाऱ्याला ते दिसत नाही. घरात घंटा, घड्याळाचा गजर किंवा रडणारे मूल यांचा आवाज होताच तो धन्याला पंजाने किंवा नाकाने स्पर्श करतो. धन्याने हाताने "काय?" अशी खूण केली की त्याला आवाजाच्या ठिकाणी नेतो. आगीचा धोका सांगणारी घंटा वाजली तर मात्र तो तिकडे नेत नाही. स्पर्श करून जागीच आडवा पडतो, म्हणजे धन्याने समजावे की हा धोक्याचा आवाज आहे, बाहेर पडावयाचे आहे. सार्वजनिक ठिकाणी धन्याचे नाव कोणी पुकारले तर त्याला सावध करणे, हातातून किल्ली वा पाकीट पडले तर ते दाखविणे हे त्याला शिकविता येते. शिकविलेल्यापेक्षाही एक न शिकविलेली गोष्ट अधिक उपयोगी पडते. धन्याची नजर सतत कुत्र्यावर असते आणि कुत्र्याची मान ज्या बाजूस वळेल त्या बाजूस काहीतरी आहे हे त्याला कळते.

बहिरेपणाबद्दल आपल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आम्हांला जे सांगितले ते रुग्णांच्या नातेवाइकांनी अवश्य लक्षात ठेवावे. वाढत्या वयात बहुधा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. घंटा, शिट्टी, नातवंडांचा आवाज आणि बोलण्यातली 'स', 'फ', 'थ' अशी व्यंजने जातात. म्हणून आजोबांना आपण बोलतो हे कळते, पण काय बोलतो हे कळत नाही, आणि घरातले म्हणतात की त्यांना हवे तेव्हा बरोबर ऐकू येते. श्रवणयंत्र लावले तरी गर्दीत ते हवा तो आवाज आणि नको तो गोंगाट दोन्ही मोठे करते. आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखणे तर फारच अवघड. आता टेंभी नाका डोळ्यांसमोर आणा. स्टेशनाकडे धावणाऱ्या रिक्षा, टीएमटीच्या बसगाड्या, जांभळी नाक्याकडून येणाऱ्या हातगाड्या. नवरात्रात देवीच्या दर्शनाची गर्दी उसळली की चांगल्या कानाच्या माणसालाही हाक ऐकू जात नाही. या चौकातून रोज एकट्याने जाणाऱ्या बहिऱ्या माणसाला कुत्र्याची वळलेली मान किती मोलाची असेल, याची कल्पना करावी.

लहान चणीचे फायदे व्यवहाराचे आहेत. बसच्या आसनाखाली तो मावतो. धनी बाकावर बसला की मांडीवर येतो, आणि गुडघ्यावर पडलेला त्याचा पंजा कितीही गोंगाटात चुकत नाही. वृद्ध माणसाच्या हाताला हिसका देऊन तो त्याला पाडत नाही. एका खोलीच्या घरात राहतो आणि त्याचा खर्च पेलतो. आणखीही काही आजारांत अशा कुत्र्यांचा उपयोग केला जातो. मनावर आघात झालेल्या किंवा अकस्मात तीव्र भीतीचे झटके येणाऱ्या व्यक्तीच्या मांडीवर वा छातीवर अंग टेकून तो तिला भानावर आणतो. अपस्माराचा झटका येऊन गेल्यावर जवळ थांबणे, घरातल्या दुसऱ्या माणसाला बोलावून आणणे हे कुत्रे शिकतात. झटका येण्यापूर्वीच तो ओळखतात, असा दावाही केला जातो, परंतु त्याला अद्याप भक्कम पुरावा नाही. मधुमेही रुग्णाची साखर उतरू लागली की त्याच्या श्वासाचा, घामाचा वास बदलतो आणि प्रशिक्षित कुत्रा तो हुंगून इशारा देतो. हे काम काही कुत्रे उत्तम करतात, काही मुळीच भरवशाचे ठरत नाहीत. तेव्हा कोणी या भाषणावर विसंबून रक्तशर्करा तपासण्याचे यंत्र कपाटात टाकू नये, ही आमची विनंती.

लहान असण्याचा तोटाही आहे, आणि तो कुत्र्याच्या अंगात नसून आपल्या डोळ्यांत आहे. मोठा लॅब्राडोर, त्याच्या पाठीवर पट्टा आणि शेजारी काळा चष्मा व पांढरी काठी असे दृश्य पाहिले की माणसे आदराने वाट देतात. मांडीवरचा पांढरा पॉमेरेनियन पाहिला की तो लाड करण्याचा प्राणी ठरतो. 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातील टफी किंवा २००३ साली मोबाईलच्या जाहिरातीत मुलामागून धावणारा तो पग यांच्यामुळे लहान कुत्रा म्हणजे गोड खेळणे, ही समजूत घरोघर पक्की झाली. त्यातच बहिरेपण दिसत नाही. आंधळ्याला काठी असते, पांगळ्याला कुबडी असते, बहिऱ्या माणसाची मात्र खूणच नसते. इंग्लंडमधील श्रवण-श्वानांच्या अंगात गडद लाल रंगाचे जाकीट असते. ते कुत्र्यासाठी कमी आणि आपल्यासारख्यांसाठी अधिक असते. या माणसाला ऐकू येत नाही, समोर येऊन बोला, असे ते जाकीट मुकाट्याने सांगते.

मग खरा मदतनीस कुत्रा आणि लाडका कुत्रा यांत भेद कसा करावयाचा? हा प्रश्न आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारला होता आणि तो अगदी मर्माचा आहे. अमेरिकेने यावर बराच खल केला आहे. तेथील १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याखाली जे नियम २०११ पासून अमलात आले, त्यांनुसार दुकानदार वा रुग्णालय फक्त दोन प्रश्न विचारू शकते. हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का? आणि त्याला कोणते काम शिकविले आहे? आजाराचा पुरावा मागता येत नाही. कुत्र्याचे प्रमाणपत्र मागता येत नाही. जात वा आकार यावरून नाकारता येत नाही. धन्याने घरीच शिकविलेला कुत्राही चालतो. मात्र कुत्रा अनावर झाला, घाण करू लागला, तर त्याला बाहेर काढण्याचा अधिकार आहे. केवळ सोबतीने मनाला बरे वाटते म्हणून बाळगलेला प्राणी या व्याख्येत बसत नाही.

या उदारतेचा गैरफायदाही घेतला गेला. पैसे भरून इंटरनेटवरून जाकिटे आणि ओळखपत्रे मागविता येतात, ज्यांना कायद्याने काडीचीही किंमत नाही. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई मानसिक आधारासाठी चक्क मोर घेऊन विमानात बसावयास आल्या होत्या. विमान कंपनीने नकार दिला, हे सांगावयास नकोच. पुढे तेथील परिवहन खात्याने नियम कडक केले आणि २०२१ पासून विमानात असा हक्क केवळ प्रशिक्षित कुत्र्यापुरताच ठेवला. नुकसान अर्थात खऱ्या गरजवंताचे झाले. प्रत्येक खोट्या जाकिटामागे एका खऱ्या बहिऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते. म्हणून, आपणांपैकी ज्यांच्या घरी लाडका कुत्रा आहे त्यांनी दवाखान्यात येताना त्याला घरी ठेवावे. तो कितीही गुणी असला तरी.

आपल्या देशात अशा कुत्र्यांचे प्रशिक्षण अजून बाल्यावस्थेत आहे. रुग्णांच्या व विशेष मुलांच्या उपचारांत कुत्र्यांचा उपयोग करणारे काही कार्य मात्र आपल्याजवळ चालते. मुंबई-पुणे परिसरात 'ॲनिमल एंजल्स फाउंडेशन' ही संस्था अनेक वर्षे हे काम करीत आहे. पण तो उपचारक श्वान, अनेकांना आनंद देणारा. मदतनीस श्वान एकाच धन्याचा असतो. लांब पल्ल्याच्या आगगाडीत कुत्रा न्यावयाचा तर पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातील अख्खा कूपे आरक्षित करा, नाहीतर त्याला ब्रेकव्हॅनमधील पेटीत ठेवा. ज्या ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी गाडी धावली, त्या ठाण्यातील एखाद्या पेन्शनर बहिऱ्या गृहस्थास यांतले काय परवडावे? सोसायट्यांपुरता थोडा दिलासा आहे. पाळीव प्राण्यांना मज्जाव करता येणार नाही व लिफ्टही नाकारता येणार नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

दुसरीकडे भटक्या कुत्र्यांचा प्रश्न आहे, आणि तो आम्ही लहान लेखत नाही. रेबीज एकदा जडला की रुग्ण वाचत नाही, हे आपल्या श्वानदंश विभागाइतके कोणाला ठाऊक? कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी यावे, हे या निमित्ताने पुन्हा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी रुग्णालये, शाळा, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतून भटकी कुत्री हटविण्याचा आदेश दिला. आमच्या सुरक्षारक्षकाने फाटकावर जे केले ते याच काळजीपोटी केले होते. त्याला दोष देऊन आम्ही मोकळे होऊ इच्छित नाही. भटका कुत्रा आणि पट्ट्यातला, लस टोचलेला, धन्याच्या मांडीवरचा कुत्रा यांत फरक करावयास त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगणे आमचे काम होते.

कायद्याचा आधारही आम्ही शोधला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम एकवीस प्रकारची दिव्यांगता मानतो. दोन्ही कानांची श्रवणहानी साठ डेसिबल वा अधिक असेल तर ती त्यात येते, आणि आपल्या त्या भगिनींची त्याहून बरीच अधिक आहे. या अधिनियमात वाजवी सोयीसुविधा ही कल्पना आहे. संस्थेवर अवाजवी बोजा न पडता, दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणे हक्क बजावता यावा म्हणून करावयाचा आवश्यक तो बदल, असा तिचा अर्थ. लहानसा कुत्रा ओपीडीच्या बाकाखाली अर्धा तास बसू देण्याने आपल्यावर कोणता बोजा पडतो, असा प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. संसर्ग-नियंत्रणाचे परदेशी संकेतही तपासले. जेथे सर्वसामान्य नातेवाईक रोजच्या कपड्यांत जाऊ शकतात तेथे मदतनीस श्वान जाऊ शकतो. जेथे गाऊन, मास्क घालून जावे लागते तेथे नाही. इतका सरळ तो नियम आहे.

त्यानुसार विश्वस्त मंडळाने असे ठरविले आहे. नोंदणी खिडकी, ओपीडी, औषधांचे दुकान आणि उपाहारगृह येथे मदतनीस कुत्र्यास धन्यासोबत प्रवेश मिळेल. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, प्रसूतिकक्ष, डायलिसिस आणि मलमपट्टीची खोली येथे मिळणार नाही. फाटकावर दोनच प्रश्न विचारले जातील आणि ते छापील मराठी कार्डावर दाखविले जातील, कारण ज्याला ऐकूच येत नाही त्याला प्रश्न ओरडून विचारण्यात अर्थ नाही. रेबीजच्या लसीची नोंदवही आणि महापालिकेचा परवाना सोबत असावा. येथे आम्ही अमेरिकेपेक्षा अधिक मागतो याची आम्हांस जाणीव आहे, परंतु आपल्याकडील रेबीजची स्थिती पाहता ते सोडता येत नाही. ओपीडीच्या दाराजवळचा शेवटचा बाक अशा रुग्णांसाठी राखला आहे. ज्यांना कुत्र्याची भीती, ॲलर्जी वा अडचण आहे त्यांनी दुसऱ्या टोकाला बसावे आणि संकोच न करता परिचारिकेस सांगावे. क्ष-किरण काढावयास धनी आत गेला तर कुत्र्याला कोणी धरावयाचे, यावर मात्र आमचे बराच वेळ एकमत होईना. शेवटी आमच्या एका वॉर्डबॉयनेच ती जबाबदारी आपणहून घेतली. त्याच्या गावी घरी तीन कुत्रे आहेत म्हणे.

नातेवाईक आणि अभ्यागत यांना आमची विनंती आहे की, असा कुत्रा दिसला तर त्याला हाक मारू नये, गोंजारू नये, बिस्कीट तर मुळीच देऊ नये. तो त्या वेळी कामावर असतो, आणि त्याचे लक्ष विचलित झाले तर धन्याचा कानच गेला असे समजावे. बोलावयाचे असेल तर धन्याशी बोलावे, त्याच्यासमोर उभे राहून, ओठ दिसतील असे, सावकाश. आणि मदतनीस कुत्रा एकटाच आपल्याकडे येऊन अंगाशी लागू लागला, तर त्याला हुसकू नये, त्याच्या मागे जावे. त्याचा धनी कोठेतरी पडलेला असण्याचा संभव आहे.

आता थोडे आमच्या स्वतःच्या उणिवेविषयी. त्या दिवशी कुत्रा आत आला असता तरी त्याने नाव ओळखून धनिणीला उठविले असतेच असे नाही. त्याला ते कोणी शिकविलेले नव्हते. मग कुत्र्याने जे करावे अशी आपण अपेक्षा धरतो ते आपण स्वतः का करू नये, असा प्रश्न आमच्या एका तरुण डॉक्टरांनी विचारला आणि सभेत शांतता पसरली. वर्षानुवर्षे आपण रुग्णांची नावे तोंडाने पुकारीत आलो. बहिरा रुग्ण नेहमीच कोणाला तरी सोबत आणील, असे आपण गृहीत धरले. या वर्षी एका देणगीदार कुटुंबाच्या साहाय्याने ओपीडीच्या सर्व दारांवर क्रमांक दाखविणारे दिवे बसविण्यात आले आहेत. केसपेपरवर "ऐकू येत नाही" अशी ठळक खूण करण्याची पद्धत सुरू झाली आहे, आणि ती खूण दिसताच परिचारिकेने बाकापर्यंत जाऊन रुग्णाच्या खांद्याला हात लावावयाचा आहे. या दुसऱ्या कामास पैसे लागले नाहीत. ते दहा वर्षांपूर्वीही करता आले असते.

दारात अडविल्या गेलेल्या त्या भगिनी गेल्या महिन्यात पुन्हा तपासणीस आल्या होत्या. फाटकावर तोच रक्षक होता. त्याने कार्ड पुढे केले, त्यांनी वाचले आणि पहिल्या प्रश्नावर बोट ठेवून मान हलविली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी मोठ्याने, साऱ्या ओपीडीला ऐकू जाईल अशा आवाजात दिले: "हा माझे कान आहे." डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो आटोक्यात होता. कुत्रा तेवढा वेळ बाकाखाली झोपून होता आणि त्यांचा क्रमांक दिव्यावर लागला तेव्हाही तो उठला नाही. त्यांनीच त्याला उठविले.

ज्यांच्या घरी वा शेजारी असा कुत्रा सांभाळणारी बहिरी अथवा आजारी व्यक्ती असेल त्यांनी तपासणीस येण्यापूर्वी चौकशी खिडकीवर तसे कळवावे, म्हणजे बाक मोकळा ठेवता येईल. कार्डाचा नमुना या अहवालाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. इतर संस्थांनी तो हवा तसा छापून घेण्यास आमची हरकत नाही.